गेम रंगात आला की पीसी रीस्टार्ट होतो: नवा भाग विकत घेण्याआधी काय तपासावं

तक्रार बहुतेक वेळा सारख्याच शब्दांत येते. दिवसभर ब्राउझर, सिनेमे, ऑफिसचं काम सुरळीत चालतं. रात्री गेम लावला की पंधरा-वीस मिनिटांत स्क्रीन काळी होते, पंखे थांबतात आणि पीसी आपोआप पुन्हा चालू होतो. निळी स्क्रीन येत नाही, एरर दिसत नाही. जरा विचारपूस केली की आणखी दोन गोष्टी कळतात: नवीन ग्राफिक्स कार्ड टाकल्यापासून हे सुरू झालंय, आणि विंडोज दोनदा फॉरमॅट मारून झालंय.

फॉरमॅटने हे सहसा जात नाही. सॉफ्टवेअर बिघडलं तर विंडोज काहीतरी खूण सोडतं. निळी स्क्रीन (विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत एरर लिहिलेली काळी) येते, गेम बंद पडून डेस्कटॉप दिसतो, नाहीतर चित्र गोठतं. एका क्षणात पंख्यांसकट सगळं थांबतं तेव्हा कुठेतरी वीज तोडली गेलेली असते आणि ती कोणी तोडली ते शोधायचं असतं. मी पाहिलेल्या अशा पीसींमध्ये लोकांनी आधी रॅम बदललेली असते, मग कार्ड परत करायची खटपट केलेली असते, आणि दोष निघतो एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), यूपीएसमध्ये किंवा घरच्या वायरिंगमध्ये. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की भिंतीतल्या सॉकेटपासून ग्राफिक्स कार्डापर्यंतचा विजेचा रस्ता तपासून झाल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

बंद पडतो म्हणजे नेमका कसा?

पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा चिडून लगेच बटण दाबू नका, नीट बघा. पीसी बंद पडून बंदच राहिला, आणि एसएमपीएसच्या मागचा स्विच एकदा बंद करून थोड्या वेळाने चालू केल्याशिवाय पुढचं बटण दाद देत नसेल, तर एसएमपीएसने स्वतःच्या संरक्षणासाठी हात वर केलेत असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. बंद पडून लगेच आपोआप चालू झाला, तर एसएमपीएस, यूपीएस आणि बाहेरून येणारी वीज, तिघंही संशयित आहेत. स्क्रीन काळी झाली पण पंखे फिरताहेत, हेडफोनमध्ये गेमचा आवाज अजून येतोय किंवा कार्डाचे पंखे अचानक पूर्ण वेगाने घोंघावायला लागले, तर गोष्ट कार्डाच्या किंवा त्याच्या केबलच्या आसपास आहे. आणि बंद पडण्याआधी काही मिनिटं फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) घसरत गेल्या असतील, तर आधी उष्णतेकडे वळा.

कधीकधी निळी स्क्रीन येते, पण डोळ्यांना दिसायच्या आत निघून जाते. त्यासाठी सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, मग स्टार्टअप अँड रिकव्हरी, इथे जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढून टाका.

मग इव्हेंट व्ह्युअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद लाल खुणेसह सापडेल, आणि ती पाहून बरेच जण लगेच एसएमपीएस मागवतात. ही नोंद कारण सांगत नाही. मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं एवढंच विंडोजने पुढच्या वेळी चालू होताना लिहून ठेवलेलं असतं. तुम्ही प्लग उपटला तरी हीच नोंद येते. तिचा उपयोग आहे तो आतल्या तपशिलात. डिटेल्समध्ये ‘बगचेककोड’ शून्य असेल, तर विंडोजला काही लिहायला सवडच मिळाली नाही, म्हणजे वीज किंवा हार्डवेअर. आकडा शून्य नसेल तर तो दशमान पद्धतीत दिलेला असतो. उदाहरणार्थ २७८ म्हणजे षोडशमान ११६, ग्राफिक्स ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाला आणि विंडोजला तो सावरता आला नाही. त्याच वेळेच्या आसपास ‘व्हीआ-लॉगर (WHEA-Logger) १८’ दिसला, तर हार्डवेअरमधली गंभीर चूक प्रोसेसरने स्वतः कळवली आहे. अशा वेळी ओव्हरक्लॉक, अंडरव्होल्ट, कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे वेग किंवा व्होल्टेज बदलणारं जे काही छेडलं असेल ते बायॉसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) मूळपदावर आणा आणि मगच पुढे जा.

पैसे न लागणारी चाचणी

ही सगळ्यात आधी करा, कारण ती अर्ध्या तासात अर्धे संशयित बाजूला काढते. एमएसआय आफ्टरबर्नर हे ग्राफिक्स कार्डाची सेटिंग बदलणारं सॉफ्टवेअर कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्यात पॉवर लिमिटची (कार्डाने किती वीज घ्यायची त्याची) पट्टी ७० टक्क्यांवर किंवा कार्ड जितकं खाली जाऊ देईल तितकी खाली आणा, आणि गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० करा. मग तोच गेम, तीच जागा, जिथे हमखास बंद पडायचा.

आता पीसी तासन्‌तास टिकला, तर कार्ड, ड्रायव्हर, गेम आणि विंडोज यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. सगळं चालतंय, फक्त कार्डाने जास्त वीज मागितली की कोणीतरी कोसळतंय. मर्यादा घालूनही तसाच बंद पडला, तर रॅम, प्रोसेसर किंवा तापमानाकडे जा.

इथे एक प्रश्न नेहमी येतो: ‘फरमार्क अर्धा तास चालवलं, काही झालं नाही. मग एसएमपीएस चांगलाच आहे ना?’ तसं म्हणता येत नाही. फरमार्क हे कार्डाची परीक्षा घेणारं सॉफ्टवेअर त्याच्यावर जड पण एकसारखा भार टाकतं. गेममध्ये भार क्षणाक्षणाला उसळतो. स्फोट झाला, नवा सीन लोड झाला की कार्ड एक मिलिसेकंदाहूनही कमी वेळासाठी आपल्या नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी वर उडी मारतं. आरटीएक्स ३०८० हे ३२० वॅटचं कार्ड, पण त्याच्या अशा उड्यांनी ६५० आणि ७५० वॅटचे चांगले एसएमपीएससुद्धा बंद पडल्याच्या तक्रारी त्या काळात भरपूर होत्या. सरासरी मोजली तर हिशेब बसतो. एसएमपीएसचं संरक्षण मात्र सरासरी बघत बसत नाही, त्या एका उसळीला शॉर्टसर्किट समजून वीज तोडतं. २०२२मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकाने ही अडचण मान्य केली. मोठ्या क्षमतेच्या एसएमपीएसने छापील वॅटच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंदांपर्यंत सोसली पाहिजे, अशी अट त्यात आली. त्याआधीच्या एसएमपीएसवर हे बंधन नव्हतं. जुना एसएमपीएस आणि नवं कार्ड ही जोडी म्हणूनच इतक्या वेळा रुसते.

गेमच्या मेनूतच पीसी बंद पडतो अशीही तक्रार असते, आणि ती विचित्र वाटते कारण मेनूत काहीच घडत नसतं. पण फ्रेमला मर्यादा नसेल तर तोच साधा मेनू कार्ड सेकंदाला शेकडो वेळा रंगवत बसतं. मर्यादा घाला, पुष्कळदा तेवढ्यानेच निभावतं.

एसएमपीएसचं लेबल आणि केबल

कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचं लेबल वाचा. ठळक अक्षरांत छापलेले वॅट सोडून द्या, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज तिथूनच घेतात. समजा तिथे २० अँपिअर लिहिले असतील, तर तुमच्या कामाचे वॅट २४०, मग डब्यावर ४५० छापलेलं असो. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ आलेल्या एसएमपीएसवर हा रकाना जरूर वाचा. ‘८० प्लस’चं सोनेरी-रुपेरी चिन्ह वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगतं. उसळी सोसण्याबद्दल किंवा संरक्षणाबद्दल ते काहीही हमी देत नाही.

मग केबल. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या कनेक्टरमधून ७५, आठ पिनांच्या कनेक्टरमधून १५०. कार्डाला आठ पिनांची दोन तोंडं असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल ओढा. एकाच केबलला पुढे फुटलेली दोन शेपटं असतात ती दोन्ही एकाच कार्डाला लावली, तर दुप्पट भार त्याच तारांवर येतो. दिसायला ते सुबक दिसतं, म्हणून असेंबल करणारे पुष्कळदा तसंच लावून देतात. नुसती दुसरी केबल लावल्यावर रीस्टार्ट थांबलेले मी पाहिलेत, आणि ती केबल खोक्यात न वापरलेली पडलेली होती. नव्या कार्डांवरचा सोळा पिनांचा बारीक कनेक्टर पूर्ण आत बसलाय की नाही हे टॉर्च लावून बघा. अर्धवट बसलेला कनेक्टर तापतो आणि वितळतो. कनेक्टरपाशीच केबल लगेच वाकवू नका, थोडी सरळ येऊ द्या.

आता भिंतीकडे

या टप्प्याबद्दल परदेशी व्हिडिओंमध्ये फारसं कोणी बोलत नाही, आणि आपल्याकडे दोष निम्म्या वेळा इथेच सापडतो असं माझं मत आहे.

यूपीएसपासून सुरुवात करू. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा, बहुधा ऑफिसच्या किंवा अभ्यासाच्या पीसीसाठी घेतलेला. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. मधल्या फळीतलं गेमिंग कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून ही रेषा सहज ओलांडतात. लाइट असताना कदाचित निभतं. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर, सोसायटीचा पंप किंवा शेजारचा एसी सुरू होतो, व्होल्टेज क्षणभर खाली जातं, यूपीएस बॅटरीवर उडी घेतो, आणि दोन-तीन वर्षं जुनी बॅटरी त्या भाराखाली मान टाकते. खोलीतला दिवा नुसता मिचकला, पण पीसी गेला, तर बहुधा हेच झालेलं असतं. एसएमपीएसने वीज गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरणं अपेक्षित असतं आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची एक फेरीच २० मिलिसेकंदांची आहे. म्हणजे एक पूर्ण फेरी बुडाली तरी खेळ संपू शकतो.

दुसरी बाब यूपीएसच्या लहरीची. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर खऱ्या साइन वेव्हऐवजी पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात. ॲक्टिव्ह पीएफसी (घेतलेला प्रवाह विजेच्या लहरीशी जुळवणारं सर्किट) असलेल्या आजच्या चांगल्या एसएमपीएसपैकी काहींना ती मानवत नाही आणि यूपीएस बॅटरीवर जाताच पीसी बंद होतो. नवा, महागडा एसएमपीएस घेतल्यावर त्रास वाढला असं कोणी सांगितलं की मी आधी यूपीएस विचारतो. खात्री करायची तर दोन-तीन दिवस पीसी यूपीएस वगळून थेट चांगल्या सॉकेटला लावा, फक्त विजांच्या दिवसांत हा प्रयोग नको. रीस्टार्ट थांबले तर यूपीएसची बॅटरी बदलायची की प्युअर साइन वेव्हचा मोठा यूपीएस घ्यायचा, हे ठरवा.

मग अर्थिंग. कॅबिनेटच्या उघड्या धातूला, यूएसबीच्या तोंडाला हात लागला की झिणझिण्या येतात का? हेडफोनमध्ये सतत गूं आवाज येतो का? एसएमपीएसच्या आत लाइन आणि न्यूट्रलपासून अर्थकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात, गोंगाट गाळण्यासाठी. अर्थ तुटलेला असेल तर त्यांच्यामुळे कॅबिनेटवर मुख्य व्होल्टेजच्या निम्मं, म्हणजे सव्वाशेच्या आत-बाहेर व्होल्टेज तरंगतं. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या आत खरोखर काही जळलं, तर त्या विजेला जायला वाट नाही. ही गोष्ट गेमपेक्षा फार मोठी आहे. घरात लहान मुलं असतील तर आजच वायरमनला बोलवा.

तो मल्टिमीटर लावून तीन आकडे बघेल: लाइन ते न्यूट्रल २३०च्या आसपास, लाइन ते अर्थ जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हा तिसरा आकडा दहा-वीसवर गेला असेल किंवा हेलकावत असेल तर न्यूट्रल ढिला आहे किंवा अर्थ नावालाच आहे. जुन्या चाळींत आणि वाड्यांत पुष्कळदा तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण मोठ्या भोकामागे तारच नसते. गावाकडच्या स्वतंत्र घरांत अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मे महिन्यांत कोरडा पडतो. तिथे पाणी घालायची जुनी पद्धत आहे, ती सोडू नका. उन्हाळ्यात वाढणारा आणि पाऊस पडला की गायब होणारा त्रास ऐकला तर मी हा खड्डा विचारतो.

एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल थोडक्यात: पीसीचा प्रवाह काही फार नसतो, ५०० वॅटला सव्वादोन अँपिअर. घात करतं ते ढिलं सॉकेट. खेळून झाल्यावर प्लगला हात लावा. कोमट लागला किंवा पिना काळवंडलेल्या दिसल्या तर बोर्ड बदला.

दुकानात नेल्यावर ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालतोय’ असं उत्तर मिळतं, आणि लोक हताश होऊन पीसी परत आणतात. त्या उत्तरात माहिती आहे. दुकानदाराने नुसता डेस्कटॉप पाहिला असेल तर त्या उत्तराला किंमत नाही. पण तुमचाच गेम, तुमच्याच सेटिंगवर, दोन तास तिथे चालला असेल तर पीसी बरा आहे आणि घरची वीज आजारी आहे. उलटही तपासता येतं. मित्राच्या घरी न्या.

उष्णता

विजेचा रस्ता साफ निघाला तर इकडे या. प्रोसेसर आणि कार्ड तापले की एकदम बंद पडत नाहीत, आधी वेग कमी करतात. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांना, रायझन ७००० मालिकेतले बहुतेक ९५ अंशांना लगाम खेचतात. त्यामुळे फ्रेम न घसरता थेट बंद पडणाऱ्या पीसीत प्रोसेसरचं तापमान सहसा गुन्हेगार नसतं. एसएमपीएसचं असू शकतं. तो बहुधा तळाशी असतो, खालून हवा ओढतो, आणि त्याची जाळी कोणी पाहिलेलीच नसते. उदबत्तीच्या धुराने चिकट झालेली धूळ तिथे नमद्यासारखी बसते. कॅबिनेट सतरंजीवर ठेवलं असेल तर आधी उचला.

एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर दर दोन सेकंदांना सगळी तापमानं आणि व्होल्टेज फाइलमध्ये लिहू शकतं. लॉगिंग चालू करून गेम खेळा. पीसी गेला की फाइलची शेवटची ओळ बघा, तिथपर्यंत काय घडत होतं ते समजतं. कार्डाचं सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) यांच्यात तीस अंशांहून जास्त तफावत असेल तर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही. खोलीचं तापमान विसरू नका. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारं कार्ड नागपूरच्या मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत त्याच कामाला ८५च्या आसपास जाणारच. बाजूचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावा. तेवढ्याने पीसी जास्त टिकला तर उत्तर सापडलं.

धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ते गरगर फिरू देऊ नका.

रॅम आणि प्रोसेसर

पॉवर लिमिट घटवूनही बंद पडतो त्यांच्यासाठी हा भाग. बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून रॅम मूळ वेगावर चालवा. त्याने थांबलं तर रॅम बदलायची घाई नको. बायॉस नवा करून पुन्हा चालू करून बघा. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावा, त्यात एकही एरर चालत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर अचानक सुरू झालेला त्रास कधी नुसता संपर्काचा असतो: दमट खारी हवा कनेक्टरवर बसते. प्लग काढून, रॅम आणि कार्ड बाहेर काढा, सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, परत बसवा. खोडरबर टाळा. मुलामा झिजतो आणि चुरा स्लॉटमध्ये पडतो.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर मात्र स्वतंत्र संशय ठेवावा लागतो. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितल्याने ते हळूहळू अस्थिर होत होते. अनरिअल इंजिन या सॉफ्टवेअरवर बनलेल्या गेममध्ये ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा संदेश यायचा आणि लोक ग्राफिक्स कार्डाला दोष द्यायचे. इंटेलने २०२४च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामच्या) सुधारणा दिल्या आणि अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायॉस त्यानंतरचा आहे ना, ते बघा. आधीच झिजलेला प्रोसेसर बायॉसने बरा होत नाही, तो वॉरंटीतच बदलून घ्यावा लागतो.

एसएमपीएस बदलायचंच ठरलं तर

कार्ड बनवणाऱ्या कंपनीने सुचवलेले वॅट बघा, एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेला मॉडेल निवडा, आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते विचारा. पाच, सात, दहा वर्षं देणारे आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन, बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, कारण पुढे वॉरंटीचं सगळं त्याच नंबरावर अवलंबून असतं.

आणि बसवताना जुन्या मॉड्युलर (एसएमपीएसमधून सुट्या होणाऱ्या) केबल एकही ठेवू नका, त्या व्यवस्थित बांधून कॅबिनेटच्या मागे दडवलेल्या असल्या तरी. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी मात्र कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी असते. तोंड जुळतं, केबल आत बसते, आणि बटण दाबताच पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क किंवा एसएसडी जळते. सगळ्या केबल नव्या खोक्यातल्याच लावा, मग आफ्टरबर्नरची पट्टी पुन्हा १०० टक्क्यांवर नेऊन तोच गेम त्याच जागी खेळून बघा.